पळणे, निसटणे, बाहेर पडणे : अकस्मात निघून जाण्याची मराठी क्रियापदे

एखादा मनुष्य एखाद्या ठिकाणाहून अकस्मात निघून गेला, एवढीच वस्तुस्थिती, तीवर कोणताही अभिप्राय न देता, मराठीत सांगावयाची झाल्यास बोलणाऱ्याची पंचाईत होते. शब्दांची वाण आहे म्हणून नव्हे. पळणे, पळ काढणे, धूम ठोकणे, पोबारा करणे, सुंबाल्या करणे, काढता पाय घेणे, गाशा गुंडाळणे, पसार होणे, फरारी होणे, परागंदा होणे, गुंगारा देणे, हातावर तुरी देणे, सटकणे, निसटणे, दडी मारणे, गुल होणे असे एकामागून एक शब्द पुढे येतात, आणि कोशकारांनी ते बहुधा एकमेकांच्या अर्थादाखल दिलेले असतात. अडचण आहे ती या संपन्नतेतच. यांतील जवळजवळ प्रत्येक शब्द जाणाऱ्याच्या कपाळी काही तरी शिक्का मारतो. पोबारा करणारा लबाड, फरारी होणारा गुन्हेगार, परागंदा होणारा दैन्याने गांजलेला, आणि पळ काढणारा भित्रा. देव मात्र अंतर्धान पावतात आणि राजे प्रयाण करतात. गती एकच, पण तिचे नाव जाणाऱ्याच्या पायांवरून ठरत नाही, सांगणाऱ्याच्या मनावरून ठरते.

हा प्रश्न केवळ कोशाच्या पानांवरचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु काही ठिकाणी हे क्रियापद भिंतीवर लिहावे लागते. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर हे असे एक ठिकाण. येथील दारूगोळ्याचा व स्फोटकांचा सरकारी कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. आयुध कारखान्यांची जुनी व्यवस्था मोडून ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्या करण्यात आल्या, तेव्हा तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेला. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी या कारखान्यात मोठा स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि त्या दिवशी आठ कामगार मृत्युमुखी पडले. अशा स्फोटात कित्येकदा क्रियापद उच्चारण्यास देखील अवधी मिळत नाही, हे खरे. परंतु जेथे अवधी मिळतो, म्हणजे आग लागते, वायू पसरतो, इशाऱ्याचा भोंगा वाजतो, तेथे काही क्षणांत समजेल असा एक शब्द कामगाराच्या डोळ्यांसमोर किंवा कानांवर असावा लागतो. तो शब्द कोणता असावा, याचा निर्णय आजवर अभियंत्यांनी आणि अनुवादकांनी आपापल्या परीने केलेला आहे. त्यात भाषाभ्यासकाला सांगण्यासारखे काही आहे काय, हे पाहावयाचे आहे.

प्रथम ‘पळणे’ या मूळ धातूचा विचार करू जाता त्याची वंशावळ स्वच्छ दिसते. संस्कृत ‘पलायते’ हे रूप म्हणजे ‘परा’ हा उपसर्ग आणि ‘अय्’ हा गत्यर्थक धातू यांचा संयोग. ‘अय्’च्या पूर्वी येणाऱ्या उपसर्गातील ‘र्’चा ‘ल्’ होतो, हे पाणिनीने अष्टाध्यायीत नोंदून ठेवले आहे. ‘परा’ म्हणजे दूर, उलट दिशेला, आणि ‘अय्’ म्हणजे जाणे. संस्कृतातील दोन स्वरांमधील ‘ल्’चा मराठीत ‘ळ्’ होतो, त्या नियमाने ‘पळणे’ सिद्ध होते. तात्पर्य, मुळात या शब्दात भीती नाही, लाज नाही, पाठलागही नाही. केवळ दूर जाणे आहे. पूर्व विदर्भाच्या दृष्टीने येथे एक गंमत नोंदण्याजोगी आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होऊन ‘पयाला’ असे रूप ऐकू येते, तर भंडारा-गोंदियाकडील झाडीबोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ येऊन ‘पराला’ असे होते. म्हणजे ‘परा’तील ‘र’ संस्कृतात ‘ल’ झाला, मराठीत ‘ळ’ झाला आणि वैनगंगेच्या काठी पुन्हा ‘र’वर येऊन ठेपला. याला प्राचीन रूपाचा अवशेष समजणे मात्र चुकीचे होईल. झाडीबोलीत ‘डोळा’चाही ‘डोरा’ होतो, आणि डोळ्याचा ‘परा’शी काही एक संबंध नाही.

हिंदीने याच अर्थासाठी वेगळा मार्ग धरला. ‘भागना’ हे क्रियापद संस्कृत ‘भग्न’पासून, प्राकृतातील ‘भग्ग’च्या द्वारे आलेले आहे. भग्न म्हणजे मोडलेला. सैन्याची फळी मोडली म्हणजे सैनिक सैरावैरा धावू लागतात, त्या दृश्यातून मोडणे याचा अर्थ पळणे असा झाला. तोच ‘भग्न’ मराठीत आला तेव्हा त्याचा अर्थ निराळ्या अंगाने वाढला. मोडलेला मनुष्य पळत नाही, तो थकतो. ‘थकला-भागला’ या जोडशब्दात हे ‘भागणे’ अद्याप जिवंत आहे. एकाच शब्दाने एका भाषेत पायांना गती दिली आणि शेजारच्या भाषेत पाय गळून पडले, असे हे उदाहरण आहे. नागपूर-भंडारा या टापूत दोन्ही भाषा एकाच ओसरीवर बोलल्या जातात, आणि ‘पोरगा भागला’ या वाक्याचा अर्थ तेथे ऐकणाऱ्यालाच प्रसंगावरून ठरवावा लागतो.

मराठीतील ‘पळणे’ला आज दोन अर्थ आहेत आणि पुढील विवेचनाची सर्व भिस्त त्यांवर आहे. पहिला अर्थ पायांच्या गतीचा : मुले पळतात, शर्यतीत घोडा पळतो. दुसरा अर्थ स्थळ सोडण्याचा : चोर पळाला, कैदी पळाला. हे दोन अर्थ वेगळे ठेवण्यासाठी भाषेने साहाय्यक क्रियापदांची योजना केलेली आहे. ‘पळून जाणे’ म्हटले की स्थळ सोडणे निश्चित होते, आणि त्यासोबत चोरटेपणाची छटाही येते. ‘पळत सुटणे’ म्हटले की अनावर, आकस्मिक गती सूचित होते, आणि चोरटेपणाची छटा जवळजवळ नाहीशी होते. बैल उधळला आणि लोक पळत सुटले, या वाक्यात लोकांची कोणी निंदा करीत नाही. ‘लोक पळून गेले’ म्हणताच त्यांनी बैलवाल्याला एकटे टाकले, असा सूर लागतो. याच धातूचे प्रयोजक रूप ‘पळवणे’ तर सरळ चोरीचे व अपहरणाचे वाचक झाले आहे. मुलगी ‘पळून गेली’ की तिला ‘पळवून नेले’, यावर खेड्यात भांडणे होतात आणि न्यायालयांत खटले चालतात. व्याकरणाच्या एका प्रत्ययावर दोन कुटुंबांची अब्रू टांगलेली असते.

‘पळणे’ला निदान मूळचा निर्विकार अर्थ आहे. इतर शब्दांची कुळकथा पाहता त्यांतील अभिप्राय जन्मापासूनच त्यांच्या अंगी असल्याचे आढळते. ‘पोबारा’ हा सोंगट्यांच्या डावातील शब्द. तीन फाशांवर एक आणि दोन षट्के, म्हणजे पो आणि बारा, असे तेरांचे दान पडले म्हणजे खेळणाऱ्याचे भाग्य उघडले. हिंदीत ‘पौ बारह होना’ म्हणजे अद्यापि नशीब फळफळणे असाच अर्थ आहे. मराठीने त्या दानातील पुढचा भाग उचललेला दिसतो : भाग्यवान दान पडताच अडकलेली सोंगटी सुटते व भराभर पुढे निघून जाते. म्हणून पोबारा करणाऱ्याविषयी बोलताना मराठी माणसाच्या ओठांवर किंचित हसू असते. त्याला दान बरे पडले, एवढी कबुली त्यात आहे. ‘गाशा’ हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला शब्द खोगिरावरील आच्छादनाचा वाचक होय. गाशा गुंडाळणारा स्वार तळ उठवतो, परत येण्याचा विचार सोडून देतो. आज दिवाळखोर दुकानदार आणि बंद पडलेले नियतकालिक हेही गाशा गुंडाळतात. घोडा गेला, खोगीर गेले, गुंडाळण्याची क्रिया तेवढी राहिली. ‘परागंदा’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ विखुरलेला, पांगलेला. तो प्रथमतः समूहाला लागू पडणारा शब्द आहे, परंतु मराठीत एकटा मनुष्यही परागंदा होतो. ‘फरारी’ अरबी ‘फिरार’पासून. त्या शब्दाने कचेरीत व फौजदारीत बस्तान बसवले आणि तेथून तो वर्तमानपत्रांत गेला. पूर्वीचे ‘आरोपी फरारी आहे’ हे वाक्य हल्ली ‘आरोपी फरार’ एवढ्यावर आले आहे. ‘गच्छंती’ची कथा तर मौजेची. संस्कृतातील ‘ते जातात’ या अर्थाचे सबंध क्रियापदच मराठीने नाम म्हणून वापरले आणि त्याचा उपयोग केला तो नोकरीवरून हाकलण्यासाठी. ‘हातावर तुरी देणे’ याच्या व्युत्पत्तीदाखल ज्या कथा सांगितल्या जातात त्या मागाहून रचलेल्या वाटतात, त्यांत शिरण्याचे कारण नाही. त्या प्रयोगाची रचनाच, पुढे दिसेल त्याप्रमाणे, व्युत्पत्तीहून अधिक बोलकी आहे.

अशी अवस्था एकट्या मराठीची आहे असे मात्र नव्हे. इंग्रजीतील ‘अ‍ॅब्स्काँड’ मुळात लॅटिनमधील दडवण्याच्या क्रियेपासून निघाला, म्हणजे तो आपल्या ‘दडी मारणे’चा भाऊ. ‘डिकँप’ म्हणजे छावणी उठवणे. त्याचे आणि गाशा गुंडाळण्याचे साम्य उघड आहे. सर्वांत उद्बोधक ‘एस्केप’. उत्तरकालीन लॅटिनमधील एका रचनेप्रमाणे त्याचा अर्थ ‘अंगरख्यातून बाहेर’ असा होतो. पाठलाग करणाऱ्याने झगा धरला, पळणारा झग्यातून अंग काढून निघून गेला, आणि पकडणाऱ्याच्या हाती रिकामे वस्त्र राहिले. मराठीत त्याच्या हाती तुरी राहतात. निरोप न घेता सटकण्याला इंग्रज ‘फ्रेंच रजा’ म्हणतो आणि फ्रेंच मनुष्य तीच गोष्ट इंग्रजांच्या नावावर घालतो. शेजाऱ्याच्या नावाने शिक्का मारण्याची ही सोय मराठीने करून घेतलेली दिसत नाही. जाणाऱ्यालाच दोष देऊन तिचे भागते.

सांगणाऱ्याच्या मनावर शब्द कसा ठरतो हे पाहण्यासाठी इतिहासाकडे वळणे इष्ट होईल, कारण तेथे घटना एकच असून नावे अनेक आढळतात. शिवाजीमहाराज १७ ऑगस्ट १६६६ रोजी आग्र्याच्या कैदेतून निघाले. मराठीत या घटनेचे रूढ नाव ‘आग्र्याहून सुटका’ असे आहे. ‘पलायन’ हा शब्द तेथे कोणी मराठी लेखक सहसा योजीत नाही, आणि योजल्यास वाचकाला तो खटकतो. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज ‘निसटले’. येथे ‘निसटणे’ गौरवाने वापरले आहे, कारण त्यात पकड सैल असल्याचा दोष पकडणाऱ्याकडे जातो. १६८९ मध्ये रायगडाला वेढा पडल्यानंतर राजाराममहाराज वेषांतर करून दक्षिणेत गेले. त्याला इतिहासग्रंथ ‘जिंजीचा प्रवास’ म्हणतात. शत्रू पाठीवर असताना शेकडो मैल केलेल्या या वाटचालीला ‘प्रवास’ इतका निर्धास्त शब्द मिळाला, याचे कारण त्या वाटचालीने राज्य वाचले. याच्या उलट दुसरा बाजीराव. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर तो पुणे सोडून निघाला, महिनोन्महिने इंग्रजी फौजांना पाठीवर घेऊन फिरला आणि जून १८१८ मध्ये माल्कमच्या स्वाधीन झाला. मराठी जनतेने त्याला ‘पळपुटा’ हे विशेषण कायमचे चिकटवले. भूमीवरील हालचाल म्हणून पाहिल्यास या दोन घटनांत फारसे अंतर नाही. वेढा चुकवणे, वाट बदलणे, रातोरात मजल मारणे हे दोहोंत आहे. एकाची परिणती राज्य टिकण्यात झाली आणि दुसऱ्याची ते बुडण्यात, म्हणून एकाला प्रवास आणि दुसऱ्याला पळ. क्रियापदाचा निकाल क्रिया संपल्यावर लागतो, असा याचा अर्थ.

जवाहरनगरचा मुलूख ज्या नागपूर राज्यात मोडत होता त्या राज्याच्या इतिहासातही एक उदाहरण आहे, आणि ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. सीताबर्डीच्या लढाईनंतर पदच्युत झालेल्या आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रज पहाऱ्यात अलाहाबादेकडे नेत असता मे १८१८ मध्ये ते वाटेतून वेष पालटून निघाले. पुढे महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने राहिले, तेथून अशीरगडाकडे गेले आणि अखेर १८४० मध्ये जोधपुरास निवर्तले. पहाऱ्यातून वेषांतर करून निघणे हे आग्र्याच्या घटनेशी किती जुळते! परंतु त्यांच्या वाट्यास ना ‘सुटका’ आली ना ‘पळपुटा’. त्यांच्याविषयी लिहिताना कोणी ‘निसटले’ लिहितो, कोणी ‘पळाले’ लिहितो, कारण त्या निसटण्यातून राज्य आले नाही आणि त्यांची तशी कुचेष्टाही रूढ झाली नाही. लोकमताने निकाल दिला नाही म्हणजे शब्दही अनिश्चित राहतो. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मार्सेलिस बंदरात बोटीतून जो प्रयत्न केला तो काही वेळातच विफल झाला. तरीही मराठीने त्यातील धाडसाचा क्षण तेवढा निवडून ‘उडी’ हे नाव दिले आणि निघून जाण्याचा भाग नावातून गाळून टाकला. १९४२ च्या चळवळीत तर एकाच मनुष्याला एकाच वेळी दोन नावे होती. नाना पाटील सरकारी दप्तरात फरारी होते आणि साताऱ्याच्या गावांतून ‘भूमिगत’ होते. ‘भूमिगत’ हा शब्द त्या काळात किती उपयोगी पडला याची कल्पना करावी : जो मनुष्य कोठे नाही असे पोलीस म्हणत होते, तो येथेच, पायाखाली आहे असे हा शब्द सांगत होता.

आता या शब्दांना काही साध्या कसोट्या लावून पाहता येतील. पहिली कसोटी प्रथमपुरुषाची. ‘मी निसटलो’, ‘मी सुटलो’, ‘मी बाहेर पडलो’ ही वाक्ये कोणीही गंभीरपणे बोलेल. ‘मी पोबारा केला’ किंवा ‘मी सुंबाल्या केल्या’ असे बोलणारा स्वतःची थट्टा करीत असतो. ‘मी पसार झालो’ असे तर बहुधा कबुलीजबाबातच सापडेल. दुसरी कसोटी पाठलाग करणाऱ्याची. ‘गुंगारा देणे’ आणि ‘हातावर तुरी देणे’ या प्रयोगांना फसवला जाणारा कोणी तरी लागतो : पोलिसांना गुंगारा दिला, पहारेकऱ्याच्या हातावर तुरी दिल्या. म्हणून ‘आगीच्या हातावर तुरी देऊन कामगार बाहेर आले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही कानाला विपरीत लागते. आगीला हात नाहीत, आणि तिला फसवता येत नाही.

तिसरी कसोटी आज्ञार्थाची, आणि तीच निर्णायक आहे. संकटात सापडलेल्या मनुष्याला उद्देशून यांतील कोणता शब्द आज्ञार्थी उच्चारता येतो? ‘पोबारा करा!’ म्हटल्यास ऐकणारा हसेल. ‘पसार व्हा!’ हे साथीदाराने साथीदाराला म्हणावयाचे. ‘फरारी व्हा’ हा सल्ला झाला, हाक नव्हे. ‘काढता पाय घ्या’ हे मागाहून वर्णन करताना ठीक, पण आज्ञेत ते टोमण्यासारखे ऐकू येते. ‘पळून जा’ म्हटले की गुपचूप, कोणास न कळता जा, असा अर्थ होतो. सर्व चाळून झाल्यावर चाळणीत राहतात ती अगदी साधी क्रियापदे : पळा, निघा, बाहेर पडा, लांब व्हा. म्हणजे ज्या अर्थासाठी कोशात शब्दांची एवढी रास आहे, त्या अर्थाची निकड खरोखर उत्पन्न होते तेव्हा ती सगळी रास निरुपयोगी ठरते. हे शब्द निघून गेलेल्याविषयी मागे राहिलेल्यांनी बोलण्याचे आहेत. निघू पाहणाऱ्याला सांगण्याचे त्यांत फार थोडे आहेत.

याचे कारणही दिसते. या शब्दभांडाराची घडण लढाई, पहारा, सावकारी आणि फौजदारी यांच्या व्यवहारात झाली. तेथे प्रत्येक निघून जाण्यामागे कोणी तरी पकडणारा आहे, किंवा मागे टाकलेले एखादे कर्तव्य आहे. यंत्र, वायू, स्फोटक यांच्यापासून दूर जाणे या प्रकारात पकडणारा नाही आणि त्यागलेले कर्तव्यही नाही. किंबहुना निघून जाणे हेच तेथे कर्तव्य असते. हा अनुभव मराठीत तुलनेने नवा आहे आणि त्याला स्वतःचा रूढ शब्द अजून मिळालेला नाही. त्यामुळे वृत्तलेखक कर्मणी रचनेचा आश्रय घेतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा लोकांना ‘सुरक्षित स्थळी हलविण्यात आले’, अशा धर्तीची वाक्ये नित्याची झाली. या रचनेत लोक स्वतः काही करीतच नाहीत, त्यांना सामानासारखे हलवले जाते. ज्यांना खरोखर स्वतः काही करता येत नाही त्यांच्यासाठी ती रचना यथार्थ आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली आणि सात वाचवण्यात आली. तेथे वाचवणे, बाहेर काढणे यांहून दुसरे क्रियापद संभवतच नव्हते. परंतु धडधाकट कामगाराला उद्देशून लिहावयाच्या पाटीवर कर्मणी रचना कुचकामाची होय. त्याने स्वतः निघावयाचे आहे.

कायद्याने या बाबीचा विचार बराच पूर्वी केलेला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या मूळ ३८ व्या कलमात अशी तरतूद होती की, आगीच्या वेळी बाहेर जाण्याच्या दारांना आतून सहज उघडता येणार नाही असे कुलूप किंवा अडसर नसावा, आणि अशा प्रत्येक मार्गावर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, तांबड्या ठळक अक्षरांत खूण असावी. १९७६ च्या दुरुस्तीने हे कलम नव्याने लिहिले गेले, परंतु ‘बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा’ ही कल्पना भाषाशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची आहे. भाषा मराठी असणे एवढ्याने ती समजणारी होत नाही. राज्यकारभारात मराठी आल्यावर जी परिभाषा घडली तीत या प्रसंगासाठी निर्गम, निर्गमन, निष्क्रमण, निष्कासन असे शब्द आले. त्यांतील ‘निर्गम’ त्यातल्या त्यात बरा. ‘निष्क्रमण’ वाचून उपनयनापूर्वीचा एक संस्कार आठवणारे वाचक आता थोडे उरले असतील, पण अर्थ सहज कळणारेही थोडेच. ‘निष्कासन’ तर या कामी वर्ज्यच मानले पाहिजे. अतिक्रमणे निष्कासित होतात, झोपड्या निष्कासित होतात. हा शब्द सामान्य मनुष्याने ऐकलेला आहे तो हाकलले जाण्याच्या संदर्भात. इंग्रजीतील ‘इव्हॅक्युएट’चे भाषांतर म्हणून तो सुचला असावा, परंतु त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ रिकामे करणे असा असून तो मुळात जागेला लागतो. ‘इमारत रिकामी करा’ हे त्याचे खरे मराठी.

या सर्व परिभाषेच्या शेजारी राज्य परिवहनाच्या गाडीतील एक पाटी ठेवून पाहावी. ‘संकटसमयी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही अक्षरे महाराष्ट्रातील लक्षावधी प्रवाशांनी वाचलेली आहेत, आणि त्यांतील कोणालाही ती समजावून द्यावी लागली नसेल. ‘संकटसमयी’ हा समास किंचित पोषाखी आहे, पण कथाकीर्तनाने कानावर घातलेला आहे. ‘बाहेर पडणे’ तर घरातले. शासकीय मराठीने लिहिलेल्या यशस्वी वाक्यांत या वाक्याला वरचे स्थान द्यावे लागेल. ज्याने ते लिहिले त्याला ‘पलायनमार्ग’ हा शब्द सुचला नाही, किंवा सुचूनही त्याने तो टाळला, हे प्रवाशांचे भाग्य.

तथापि हाच प्रयोग जसाच्या तसा उचलून जवाहरनगरच्या भिंतीवर लिहिल्याने काम भागेल, असे समजू नये. तेथे दोन अडचणी संभवतात. पहिली ‘पळणे’च्या दोन अर्थांतून उद्भवते. आगीच्या कवायतीत, विशेषतः अरुंद जिन्याच्या व गर्दीच्या जागी, ‘पळू नका’ अशी सूचना देण्याचा प्रघात आहे, आणि तिचा हेतू चेंगराचेंगरी टाळण्याचा असतो. सूचना देणाऱ्याच्या मनात पहिला, पायांच्या गतीचा अर्थ असतो. परंतु धूर पाहून घाबरलेल्या मनुष्याच्या कानात दुसरा अर्थ शिरण्याचा संभव असतो : जागा सोडू नका. ज्या कामगाराला यंत्रापासून न हलण्याची शिस्त वर्षानुवर्षे लावलेली आहे, त्याच्या बाबतीत ही भीती अधिक. शिवाय ‘पळाला’ हा शब्द त्याच्या भाषेत भित्र्याचा आहे, पळपुट्याचा आहे; थांबणाऱ्याला शूर मानण्याची सवय त्या शब्दानेच लावलेली आहे. म्हणून ‘पळू नका’ ही सूचना एकटी कधीही देऊ नये. ‘धावू नका, बाहेर पडा’ असे म्हटल्यास संदिग्धता उरत नाही, कारण ‘धावणे’ला स्थळ सोडण्याचा अर्थ मराठीत चिकटलेला नाही. उलट ‘धावून येणे’, ‘धावा करणे’ या प्रयोगांत ते मदतीचेच सोबती आहे.

दुसरी अडचण शेजारच्या भाषेची. आयुध कारखान्यांच्या वसाहतींत अनेक प्रांतांतील कुटुंबे राहतात आणि मराठी, हिंदी दोन्ही देवनागरीतच लिहितात. ‘बाहेर पडा’ हे शब्द हिंदीभाषी मनुष्याने घाईत वाचले तर तो ‘पडा’ या अक्षरांत आपले ‘पड़ा’ वाचण्याचा संभव आहे. एका टिंबाचा फरक, आणि तो तांबड्या रंगाच्या मोठ्या अक्षरांत बहुधा कोणी पाहत नाही. मग त्या पाटीचा अर्थ त्याच्या लेखी ‘बाहेर पडलेला’ असा काही तरी होतो. मराठीत ‘पडणे’ हे ‘बाहेर’ला जोडले म्हणजे कोसळण्याचा अर्थ टाकून हेतुपुरस्सर जाण्याचा अर्थ घेते, हिंदीतही ‘निकल पड़ना’ आहे, पण तेथे आधी ‘निकल’ लागतो. त्या मानाने ‘बाहेर निघा’ हा प्रयोग दोन्ही भाषांच्या माणसाला सारखा उघड आहे. ‘निघणे’ आणि ‘निकलना’ या क्रियापदांचे अर्थ एकमेकांच्या इतके जवळ आहेत की ‘बाहेर’ या शब्दापुढे ‘निघा’ वाचताना हिंदीभाषी फार तर क्षणभर अडखळेल, परंतु चुकणार नाही. झाडीबोली बोलणाऱ्यालाही ते परके नाही, कारण त्यात ‘ळ’ नाही आणि पोथीतला शब्दही नाही.

केंद्र सरकारच्या कार्यालयांत बिगरहिंदी राज्यांमध्ये प्रथम प्रादेशिक भाषा, मग हिंदी, मग इंग्रजी असा पाट्यांचा क्रम असतो. तिन्ही ओळी बहुधा एका इंग्रजी मसुद्यावरून एकाच टेबलावर तयार होतात. मराठी ओळ लिहिणाऱ्याने तो मसुदा क्षणभर बाजूस सारावा आणि ती ओळ तीन-चार कामगारांकडून मोठ्याने वाचून घ्यावी : एक पुण्याकडचा, एक साकोलीकडचा, एक उत्तर प्रदेशातला. त्यांना दार दाखवण्यापूर्वी, या शब्दांवरून काय करावयाचे ते विचारावे. या परीक्षेला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.